'यामातो' : समुद्रतळापासून तारांगणापर्यंत



माझें सारें आयुष्य शाळेंत इतिहास शिकविण्यांत गेलें. दुसऱ्या महायुद्धाचा धडा पुस्तकाच्या शेवटीं येई आणि तोंपर्यंत वार्षिक परीक्षा दाराशीं येऊन ठेपलेली असे. त्यामुळें जपानच्या पाडावाची हकीगत मीं बहुतेक वर्षीं एका तासांत उरकली. पर्ल हार्बर, सिंगापूर, हिरोशिमा, शरणागति. घंटा झाली, वर्ग सुटला. मॅट्रिकपर्यंत शिकलेल्या एका मास्तराची ही हयगय आज सर्वांसमक्ष कबूल करण्याचें कारण मोठें विचित्र आहे. तें कारण म्हणजे मुलांसाठीं काढलेली हलत्या चित्रांची एक जपानी मालिका. अशा चित्रपटांना जपानी लोक 'आनिमे' म्हणतात. मालिकेचें नांव 'उचू सेनकान यामातो', म्हणजे 'अंतराळांतील युद्धनौका यामातो'.

टोकियोस नोकरीला असलेल्या माझ्या मुलानें हिच्या तबकड्या सुमारें बारा वर्षांपूर्वीं घरीं पाठविल्या होत्या. त्या वेळीं मीं पहिले चार-पांच भाग पाहिले आणि रागानें पेटी मिटून कपाटावर ठेवून दिली. रागाचें मूळ घरांतलें होतें. माझे थोरले चुलते मराठा पलटणींत होते. १९४४ च्या मार्च महिन्यांत मणिपुरांतील सांगशाक येथें जपान्यांशीं जी झुंज झाली, तींत ते होते. त्या लढाईविषयीं ते सहसा बोलत नसत. परंतु घरांत कोणीं जपानी घड्याळ आणलें तर तें ते हातांतहि घेत नसत, एवढें मला लहानपणापासून ठाऊक. अशा माणसाच्या मांडीवर वाढलेल्या मला, जपानी आरमाराचें जहाज डौलानें आकाशांत उडत आहे आणि मागें भरदार आवाजांत कूचगीत चाललें आहे, हें पाहून काय वाटलें असेल याची कल्पना आपणांस करतां येईल. हरलेल्यांची ही फुशारकी आहे, असें मीं ठरवून टाकलें. पुढें गेल्या उन्हाळ्याच्या सुटींत नातू आला, त्यानें स्टुलावर चढून ती पेटी खालीं काढली, आणि सव्वीसच्या सव्वीस भाग आम्हीं दोघांनीं मिळून पाहिले. माझा निकाल मला फिरवावा लागला. सगळा नव्हे, पण बराचसा.

आधीं खऱ्या जहाजाची हकीगत सांगतों, कारण तिच्यावांचून मालिकेचें मर्म हातीं लागत नाहीं.

यामातो हें जपानचें प्राचीन नांव. १९२२ च्या वॉशिंग्टन करारानें मोठ्या राष्ट्रांच्या युद्धनौकांवर मर्यादा घातली होती. त्या बंधनांतून जपान १९३६ अखेर बाहेर पडला आणि १९३७ च्या नोव्हेंबरांत कुरे येथील आरमारी गोदींत या नौकेचा कणा बसला. अमेरिकेपाशीं जहाजें अधिक, तेव्हां आपलें एकेक जहाज तिच्या दोघांतिघांना भारी पडेल असें करावें, हा हिशेब. जहाजाची लांबी २६३ मीटर, भरल्या वजनाचा आकडा सुमारें ७२,००० टन. ४६ सेंटिमीटर तोंडाच्या नऊ तोफा. गोळा सुमारें दीड हजार किलोचा आणि पल्ला ४२ किलोमीटर. तोफांचें खरें माप परक्याला कळूं नये म्हणून कागदोपत्रीं त्या चाळीस सेंटिमीटरच्या म्हणून नोंदविल्या होत्या. हिची धाकटी बहीण 'मुसाशी' नागासाकीस बांधली जात होती. ती झांकण्यासाठीं दोरांचे इतके अवाढव्य पडदे करावे लागले कीं किनाऱ्यावरच्या कोळ्यांना जाळ्यापुरता दोर मिळण्याची पंचाईत झाली.

आणि आतां दैवाचा खेळ पाहा. १० डिसेंबर १९४१ रोजीं मलायाच्या किनाऱ्याजवळ 'प्रिन्स ऑफ वेल्स' व 'रिपल्स' या दोन मोठ्या ब्रिटिश युद्धनौका जपानी विमानांनीं बुडविल्या. भर समुद्रांत चालतीं, लढतीं जहाजें केवळ विमानांनीं तळाला धाडण्याची ही पहिलीच खेप. युद्धनौकांचें राज्य संपलें अशी दवंडी खुद्द जपाननेंच पिटली. आणि त्यानंतर सहाव्या दिवशीं, १६ डिसेंबरला, जगांतील सर्वांत मोठी युद्धनौका त्याच जपानच्या आरमारांत रुजू झाली! पुढचीं वर्षें तिनें मुख्यतः नांगर टाकून काढलीं. ट्रुक बेटाच्या आश्रयाला ती महिनेच्या महिने पडून असे. तिच्यावरची बडदास्त पाहून इतर जहाजांवरचे लोक तिला 'हॉटेल यामातो' म्हणत. शत्रूच्या जहाजांवर तिच्या मोठ्या तोफा सबंध युद्धांत एकदांच धडाडल्या, २५ ऑक्टोबर १९४४ रोजीं, फिलिपाईन्समधील समार बेटाजवळ. मुसाशी आदल्याच दिवशीं विमानांनीं बुडविली होती.

१ एप्रिल १९४५ रोजीं अमेरिकन सैन्य ओकिनावा बेटावर उतरलें. ६ एप्रिलला यामातो, 'याहागी' ही एक हलकी क्रूझर आणि आठ विनाशिका ओकिनावाकडे निघाल्या. बेत असा कीं, तेथें पोहोंचून यामातो किनाऱ्यावर चढवावी, तिचाच किल्ला करावा आणि शेवटचा गोळा संपेपर्यंत लढावें. वर छत्र धरायला विमानें नव्हतीं म्हटलें तरी चालेल. परतण्याची योजना बेतांत नव्हती. दुसऱ्या दिवशीं दुपारीं अमेरिकन विमानवाहू जहाजांवरून साडेतीनशेंच्या वर विमानें आलीं. दोन तासांच्या आंत, दोन वाजून तेवीस मिनिटांनीं, यामातो उलटली. पोटांतल्या दारूगोळ्याचा भडका उडाला आणि धुराचा लोट कित्येक किलोमीटर उंच गेला. जहाजावर सुमारें ३,३०० माणसें होतीं. तीन हजारांहून अधिक मेलीं. वांचलेल्यांचा आकडा तीनशेंलाहि पोहोंचत नाहीं.

या मोहिमेचे सेनापति व्हाइस ॲडमिरल इतो सेइइचि यांची एक गोष्ट मला विसरतां येत नाहीं. जहाज जात आहे हें दिसल्यावर त्यांनीं मोहीम रद्द केली, उरलेल्या जहाजांना माणसें उचलून परत जाण्याची आज्ञा दिली, आणि स्वतः आपल्या खोलींत गेले. ते तेथून बाहेर आले नाहींत. 'युकिकाझे' नांवाची विनाशिका त्या दिवशीं शाबूत राहिली. तिनें पाण्यांतले लोक उचलले, युद्ध निभावलें आणि १९४७ सालीं ती चीनच्या हवालीं करण्यांत आली. हें नांव लक्षांत ठेवावें. तें पुन्हां येणार आहे.

वांचलेल्यांपैकीं एक होता योशिदा मित्सुरु, टोकियोच्या विश्वविद्यालयांतून उचलून आणलेला बावीस वर्षांचा अधिकारी. युद्ध संपल्यावर त्यानें या सफरीचा वृत्तांत लिहिला; अमेरिकन अंमलाच्या अभ्यवेक्षणानें तो अडविला आणि पूर्ण ग्रंथ १९५२ सालीं बाहेर आला. त्यांत जहाजावरच्या तरुण अधिकाऱ्यांचा एक वाद वर्णिला आहे : आपण मरणार हें तर ठरलेलें, पण कशासाठीं? त्यांतल्या एकानें दिलेलें उत्तर असें कीं, आपल्या राष्ट्रानें सुधारणेकडे डोळेझांक केली, आतां हरल्याशिवाय त्याला जाग येणार नाहीं, आणि त्या जागेपणाच्या पायाचे दगड आपण व्हावयाचें. शिक्षक म्हणून माझ्या मनांत आलें, बावीस-पंचवीस वर्षांच्या मुलांना हें कळत होतें. मग ज्यांनीं त्यांना पाठविलें त्यांना काय कळत होतें?

आतां मालिकेकडे वळूं. ६ ऑक्टोबर १९७४ रोजीं ती जपानी दूरचित्रवाणीवर सुरू झाली. निर्माता निशिझाकी योशिनोबु. चित्रांचा आणि एकंदर मांडणीचा भार मात्सुमोतो लेइजि या चित्रकारावर. संगीत मियागावा हिरोशि यांचें. मात्सुमोतोचा जन्म १९३८ सालचा, वडील लष्करी वैमानिक. म्हणजे शरणागतीच्या दिवशीं तो सात वर्षांचा होता. १९७४ मधला जपान हा श्रीमंत झालेला पण धास्तावलेला देश होता. आदल्या वर्षीं अरबांनीं तेल आंखडतें घेतल्यामुळें बाजारांत घबराट झाली होती. मिनामाताच्या विषारी पाण्याची प्रकरणें गाजत होतीं. सबंध जपान समुद्रांत बुडतो अशा कथानकाची, कोमात्सु साक्यो याची कादंबरी १९७३ सालीं घरोघर वाचली गेली होती. आणि किरणोत्सर्गाचें भय तर तेथें पाठ्यपुस्तकांतलें नव्हतें. हिरोशिमा-नागासाकीनंतरहि १९५४ सालीं बिकिनीच्या चांचणीची राख एका जपानी मासेमारी नौकेवर पडली होती.

कथा अशी. सन २१९९. गामिलास नांवाच्या ग्रहावरचे लोक पृथ्वीवर किरणोत्सर्गी गोळ्यांचा वर्षाव करीत आहेत. समुद्र आटले, जमीन भाजून लाल झाली, माणसें भुयारांत शिरलीं, आणि विष मुरत मुरत तेथेंहि उतरूं लागलें आहे. एक वर्षाची मुदत उरली. अशा वेळीं इस्कांदार या दूरच्या ग्रहावरच्या राणीकडून निरोप येतो कीं, हें विष धुऊन काढणारें यंत्र माझ्याकडे आहे, येऊन घेऊन जा. अंतर १,४८,००० प्रकाशवर्षें. निरोपासोबत नव्या इंजिनाचे नकाशे. आणि हें इंजिन बसवावयाचें कोठें? आटलेल्या समुद्राच्या तळाशीं गंजत पडलेल्या जुन्या यामातोच्या सांगाड्यांत.

दुसऱ्या भागांत मालिका घटकाभर थांबून १९४५ सालांत जाते आणि खऱ्या जहाजाचा शेवट दाखविते. बारा वर्षांपूर्वीं माझा पारा चढला तो येथेंच. या खेपेस मीं थोडें सावकाश पाहिलें. यंत्राची कळ दाबून चित्र थांबवितां येतें, मागें नेतां येतें. म्हाताऱ्या डोळ्यांना ही मोठी सोय आहे. तेव्हां पहिल्या भागांतली एक गोष्ट प्रथमच माझ्या ध्यानांत आली. मालिका आरंभतेच मुळीं पराभवानें. प्लूटोजवळ पृथ्वीच्या आरमाराचा धुव्वा उडतो आणि सेनापति ओकिता माघार घेतो. त्याच्या हाताखालचा एक तरुण कप्तान माघार नाकारतो, शत्रूवर तुटून पडतो आणि जहाजासह नाहींसा होतो. त्याच्या जहाजाचें नांव युकिकाझे! खऱ्या इतिहासांत यामातो बुडाली आणि युकिकाझे वांचली, येथें उलट. मरून मोकळें होण्याचा मोह कथाकारानें युकिकाझेच्या पदरीं टाकला, आणि लाज गिळून जगण्याचें, उद्यांसाठीं परत फिरण्याचें काम म्हाताऱ्या ओकिताला दिलें. हाच ओकिता पुढें यामातोचा कप्तान होतो. १९४५ च्या जहाजाला परतीची वाट नव्हती. या जहाजाचें सारें काम परत येण्यांतच आहे. तें यंत्र घेऊन वर्षाच्या आंत घरीं आलें नाहीं, तर वाटेंतले सगळे विजय फुकट. प्रत्येक भागाच्या शेवटीं मानवजातीच्या नाशाला इतके दिवस उरले, असा आंकडा पडद्यावर येतो. माझा नातू तो मोठ्यानें वाचून दाखवी आणि मग जेवायला उठे.

दोष पुष्कळ आहेत. पैशांची ओढाताण पुष्कळ ठिकाणीं चित्रांतच दिसते. तींच तींच दृश्यें पुनःपुन्हां येतात. जहाजाच्या पोटाखालचा एक मजला दर थोड्या दिवसांनीं उडून जातो आणि पुढच्या भागांत जागच्या जागीं असतो. याची जपानांतहि थट्टा होते असें मुलगा सांगतो. ११४ जणांच्या या गलबतावर ठळक अशी स्त्री एकच, मोरि युकि. रडार तिनेंच पाहावयाचें, शुश्रूषा तिनेंच करावयाची, आणि कॉफीहि तिनेंच. शिवाय एका आचरट यंत्रमानवाची चेष्टा तिनेंच सोसावयाची. मुलींच्या शाळेंत शिकविलेल्या माझ्यासारख्याला हें खटकल्याशिवाय राहिलें नाहीं. शत्रूचे सेनाधिकारी जर्मन नाझींच्या नमुन्यावर रेखाटले आहेत. महायुद्धांत आपले मित्र कोण होते हें विसरून शत्रूला मित्राचाच मुखवटा चढवावयाचा, ही युक्ति सोयीची खरी. प्रामाणिक म्हणवत नाहीं.

परंतु दहावा भाग पाहिला आणि माझ्या तक्रारी कांहीं काळ बंद पडल्या. जहाज सूर्यमालेची वेस ओलांडणार असतें. पलीकडे गेल्यावर पृथ्वीशीं बोलणें अशक्य. म्हणून प्रत्येकाला घरच्यांशीं कांहीं मिनिटें बोलण्याची मुभा मिळते. रांग लागते. कोणाची आई, कोणाचे वडील. तरुण नायक कोदाइ सुसुमु याचें कोणीच उरलेलें नाहीं. आईबाप बाँबहल्ल्यांत गेले, आणि युकिकाझेवरचा तो हट्टी कप्तान त्याचाच भाऊ. सगळे बोलत असतां तो जहाजांतून नुसता हिंडतो. शेवटीं ओकिता त्याला आपल्या खोलींत बोलावतो. त्याचाहि मुलगा त्याच प्लूटोच्या लढाईंत मेलेला असतो. दोघे पेला भरतात आणि लांब जाणाऱ्या पृथ्वीचा निरोप घेतात. युद्धाचें चित्र म्हणावें तर या भागांत युद्ध जवळजवळ नाहींच. माझे चुलते आघाडीवर असतां माझ्या आजीला पोस्टकार्डें येत, आणि वाचतां येत नसल्यामुळें तीं ती शेजारच्या मास्तरांकडे घेऊन जाई, असें मीं ऐकलें आहे. तें मला त्या रात्रीं आठवलें.

चोविसावा भाग याहून कठीण आहे. इस्कांदार आणि गामिलास हे जुळे ग्रह निघतात. गामिलास मरणपंथाला लागलेला. तेथल्या लोकांना नवें घर हवें आणि त्यांच्या जगण्याला किरणोत्सर्ग लागतो, म्हणून ते पृथ्वी आपल्यासारखी करूं पाहत होते. यामातोला त्या ग्रहावर ओढून घेण्यांत येतें. ती जीव वांचविण्यासाठीं लढते आणि लढतां लढतां सबंध नगर, सबंध लोक नष्ट होतात. धूर विरल्यावर कोदाइ आणि युकि डेकवर उभीं राहून पाहतात. लहानपणापासून आपणांस स्पर्धा करावयाला, जिंकावयाला शिकविलें, पण येथें दोन्ही बाजूंना फक्त जगावयाचें होतें, अशा आशयाचें बोलून तो आपली बंदूक भिरकावून देतो. पडद्यावर बाँबनें उजाड केलेलें शहर आहे. तें उजाड करणारें जहाज यामातो आहे. हरलेल्या राष्ट्राच्या मुलांपुढें त्यांच्याच लाडक्या जहाजाला मारेकरी म्हणून उभें करण्याचें धैर्य ज्यानें दाखविलें, त्याला मी फुशारकी मारणारा कसा म्हणूं?

त्या वेळीं हें पाहणारे फार थोडे होते. त्याच रविवारीं, त्याच वेळीं, दुसऱ्या वाहिनीवर आल्प्स पर्वतांतल्या 'हायडी' नांवाच्या मुलीची मालिका चाले, आणि घरोघर तीच लागे. यामातोचे एकोणचाळीस भाग योजले होते. ते सव्वीसांवर आणून ३० मार्च १९७५ रोजीं गाशा गुंडाळला. घरीं चित्रें मुद्रित करून ठेवण्याचें बेटामॅक्स यंत्र बाजारांत आलें तें त्याच वर्षाच्या मे महिन्यांत. म्हणजे मालिकेची आणि यंत्राची चुकामूक अवघ्या कांहीं आठवड्यांची! ज्यांना ती जपून ठेवावीशी वाटली त्या मुलांनीं दूरचित्रवाणीपुढें साधें ध्वनिमुद्रक ठेवून नुसते आवाज टिपले. पुढें तिचीं संभाषणें आणि संगीत ग्रामोफोनच्या तबकड्यांवरहि निघालें व खपलें. श्रवणावर जगणाऱ्या आपल्यासारख्यांना याचा आनंद वाटावा. पुनःप्रक्षेपणानें आवड वाढत गेली. ६ ऑगस्ट १९७७ रोजीं मालिकेचेंच तुकडे जोडून केलेला चित्रपट लागला, तेव्हां तरुण मुलें आदल्या रात्रीपासून चित्रपटगृहांच्या दारांत बसून होतीं. तो दिवस हिरोशिमाच्या स्मरणाचा. हा योगायोगच असावा. १९७९ सालीं मालिका अमेरिकेस गेली ती 'स्टार ब्लेझर्स' या नांवानें. तेथें जहाजाला 'आर्गो' हें नांव मिळालें, आणि जहाजावरच्या मद्यप्रिय डॉक्टरच्या बाटलींत झऱ्याचें पाणी भरण्यांत आलें!

मात्र यशानें जें केलें तें मला रुचलें नाहीं. ऑगस्ट १९७८ मधला दुसरा चित्रपट मुलानें त्याच पेटींत घातला होता. त्यांत कोदाइ मेलेल्या प्रियेला जवळ बसवून जहाज शत्रूवर घालतो आणि सर्वस्व जाळून घेतो. प्रेक्षक ढसाढसा रडले म्हणतात. ओकितानें सव्वीस भागांत जें शिकविलें तें येथें दोन-अडीच तासांत पुसलें गेलें. १९४५ चें तेंच निमंत्रण पुन्हां, फक्त गोड संगीतांत. निर्मात्यांनाहि हा शेवट पुरता पचला नसावा, कारण त्याच वर्षीं सुरू झालेल्या नव्या मालिकेंत तो बदलून कोदाइला जिवंत ठेवलें आहे. पुढें निर्माता आणि चित्रकार मालकीसाठीं न्यायालयांत गेले. निशिझाकी २०१० सालीं ओगासावारा बेटांजवळ समुद्रांत पडून वारला. ज्या बोटीवरून पडला तिचें नांव यामातो होतें. मात्सुमोतो २०२३ सालीं गेला. खऱ्या जहाजाचे दोन तुकडे सुमारें ३४० मीटर खोल पाण्यांत आहेत. १९८५ सालीं त्यांची ओळख पटली. कुरे येथें २००५ पासून एक संग्रहालय आहे. त्यांत जहाजाची एकदशांश मापाची, सव्वीस मीटरांची प्रतिकृति ठेवली आहे. नातू ती पाहून आला आहे.

चोविसाव्या भागापर्यंत तोफ सुटली कीं हा नातू पलंगावर उडी मारीत असे. त्या दिवशीं तो बसून राहिला. थोड्या वेळानें त्यानें विचारलें, "आजोबा, काकाआजोबांनीं हें पाहिलें असतें का?" मीं म्हटलें, पहिल्या दिवशीं ते उठून गेले असते. "आणि दहावा भाग?" दहाव्या भागाला ते दारांत उभे राहिले असते असें मला वाटतें, पण तें मीं त्याला सांगितलें नाहीं, कारण माझी खात्री नव्हती. उरलेले दोन भाग आम्हीं दुसऱ्या दिवशीं पाहिले. पृथ्वी दिसूं लागते, आजारी ओकिता बायकामुलांचें छायाचित्र हातांत घेऊन तिच्याकडे पाहत असतो, आणि तें छायाचित्र त्याच्या हातांतून गळून पडतें. नातवानें आंकडा वाचण्यासाठीं तोंड उघडलें होतें. पण या भागाच्या शेवटीं दिवस मोजणें नव्हतें. तो जेवायला उठला नाहीं. पेटी आतां खालच्या फळीवर ठेवली आहे.